उन्हाची उंची

गणिताच्या बाईंचा दादा घरासमोरच्या रिकाम्या जागेत तीन मजले चढवायला निघाला होता. हिवाळ्यात आईच्या खिडकीत येणारं ऊन त्या मजल्यांमागे जाणार होतं, आणि आईचे सांधे त्या उन्हावरच चालत. गोळ्या नावाला होत्या.

बाईंनी कागदावर त्रिकोण काढला. "ही इमारत म्हणजे त्रिकोणाची उंची, अंगण म्हणजे पाया. सूर्य क्षितिजापासून किती अंश वर, त्यावर सावली ठरते. त्याला उन्नतांश म्हणतात. थंडीत तो दुपारीसुद्धा खालूनच जातो. दोन मजले बांध दादा, ऊन राहील."

"घरं मी बांधतो की तू?" दादाने कागद परत सरकवला.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याने बांबूला बांबू जोडून तीन मजल्यांएवढी काठी उभी केली आणि आईला हाताला धरून अंगणात आणलं. सावली काठीच्या बुंध्याशीच घुटमळत होती.

"बघ आई, कुठे तुझी खिडकी आणि कुठे सावली!"

"अरे, आत्ता सूर्य डोक्यावर आहे!" बाई ओरडल्या. "हीच काठी थंडीत उभी कर!"

"आता ही सूर्यालाही नापास करणार," दादा म्हणाला. कामगार फिदीफिदी हसले. आईसुद्धा हसली, आणि ते बाईंच्या जिव्हारी लागलं.

"डोळ्यांना दिसतंय ते खोटं का गं?" आई म्हणाली. "त्याची उंची गाठायला तुला सात जन्म लागतील."

जागा आईच्या नावावर होती. संध्याकाळी तिने दादाला हो म्हटलं.

थंडी आली. ऊन दादाच्या गच्चीवर लोळू लागलं, आईच्या खिडकीत दिवसभर सावली. दादा एकदा डोकावला, "यंदा गारठाच जास्त आहे" म्हणाला आणि गेला. बाई शाळेतून आल्या की आईचे गुडघे शेकत, पाय चोळत. आई एकदा तरी म्हणेल, पोरी, तुझं खरं होतं. एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही नको होतं.

एका दुपारी आई कण्हत म्हणाली, "ऊन येणार नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?"

बाईंचे हात थांबले. "हो आई."

"तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. नव्या घराच्या तोंडावर असं अभद्र बोलू नये गं. बोललीस, आणि झालं तसंच."

मग तिने दुसरा पाय पुढे केला.