पहिलं पाणी

"वहिनी, गाठ एकच आहे ना गं? नीट बघ. या वाफेत मला धड दिसत नाही."

"एकच आहे, वन्सं," मी म्हणाले. आणि ती खरंच एकच होती.

वन्संनी काठीवरची लोकरीची ओली लडी पातेल्यात सोडली. मंजिष्ठेच्या मुळ्या दोन दिवस भिजून पाणी असं गडद झालं होतं की तळ दिसत नव्हता. या पाण्याला वाफ यावी पण बुडबुडा येऊ नये, नाहीतर लाल जाऊन तपकिरी उरतं. म्हणून वन्सं पातेल्यापाशी तान्ह्या बाळाजवळ बसावं तशा बसतात.

थंडी पडायच्या आधीचे हे आठ दिवस आमच्या घरी सगळ्यात गोड. लेक लोकर पिंजते, मी कातते, वन्सं रंगवतात. लोकरीच्या चिकटाने हात मऊ पडतात आणि अंगणभर ओल्या मेंढीचा वास सुटतो. शेजारीण नाक मुरडते आणि तरी रोज येऊन बसते.

पातेलं एकच. पहिल्या पाण्यातली लोकर लालभडक निघते, दुसऱ्यातली गाजरासारखी आणि तिसऱ्यातली अगदी फिकी, लाल रंगाची नुसती आठवण. कोरी लोकर सगळी सारखीच दिसते, म्हणून कातून झाली की मी लड्यांना दोरा बांधून गाठी मारते. एका गाठीची लडी ह्यांची, दोन गाठींची माझी आणि लेकीची, तीन गाठींची वन्संची. हा क्रम वन्संनीच लावला. "दादा चारचौघांत जातो. मला कोण बघतंय?" सव्वीस वर्षं त्या तिसऱ्या पाण्यातलं अंगावर घालताहेत.

गेल्या हिवाळ्यात एकदा मी कपडे ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. वन्सं आरशासमोर उभ्या होत्या. ह्यांचा लाल स्वेटर छातीशी धरला होता, हनुवटीखाली. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. माझी चाहूल लागताच इतक्या घाईने घडी केली की एक बाही बाहेरच लोंबत राहिली.

तेव्हाच मी ठरवलं. यंदा एका गाठीची लडी वन्संची होती.

पण माझा एक नेम आहे. दिवस खोटं न बोलता काढायचा. रोज सकाळी हात जोडून देवाकडे तेवढंच मागते. त्यामुळे घरात कुणी मला गुपितं सांगत नाही, आणि काही काढून घ्यायचं असलं की सगळे मलाच विचारतात. फक्त ह्यांना सांगितलं होतं, यंदा तुमचं तिसरं पाणी. हे पंपदुरुस्तीवाले. म्हणाले, "मला कुठलंही पाणी चालतं."

वन्संनी काठीने लडी उचलून पाहिली. "दादाची लडी यंदा हलकी कशी? वहिनी, लोकर कमी पडली का?"

मी देवाचं नाव घेतलं. तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्यावर बसून तिसऱ्यांदा वाढून घेतलेले हे म्हणाले, "अगं, वाळलोय मी. अन्नच जात नाही."

"दिसतंय ते," वन्सं म्हणाल्या. लेक तोंडात पदर... नव्हे, लोकर कोंबून हसली.

लडी लाल झाली, दोरीवर चढली. दुसरं पाणीही निभावलं. तिसऱ्या वेळी मात्र वन्संनी तीन गाठींची लडी उचलली आणि काठी वाकली. त्या थांबल्या. दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, ही कुणाची?"

"ह्यांची."

"आणि ती?"

"तुमची, वन्सं."

दोरीवरून लाल थेंब टपटपत होते.

"पन्नाशी उलटल्यावर लाल? दवाखान्याच्या खिडकीत बसते मी. माणसं आजारी येतात तिथे, जत्रेला नाही." त्यांनी दोरीवरची लडी चिमटीत धरली. "आता उतरेल का हा रंग?"

"नाही उतरायचा. तुम्हीच शिकवलंत."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. लाल लोकरीचा गुंडा टोपलीत तसाच. वाटलं, न मागता दिलं हेच चुकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला बसले आणि शेजारच्या खोलीतून सुयांचा आवाज आला. चटचटचट. वन्सं इतक्या भरभर कधी विणत नाहीत. त्या दिवशी माझं देवाकडे लक्ष लागलं नाही. देवाने समजून घेतलं असावं.

महिन्याने कडाक्याची थंडी पडली. वन्सं कामावर निघाल्या त्या करड्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. आत काय घातलंय ते कळायला मार्ग नव्हता. "येते गं," एवढंच म्हणाल्या.

मी खिडकीशी उभी राहिले. ऊन नव्हतं, वारा नुसता बोचत होता. रस्त्यावरची माणसं माना आत ओढून चालली होती. कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी वन्सं थांबल्या. पिशवी खाली ठेवली. एकेक करून बटणं काढली, कोट उतरवला, नीट घडी घालून हातावर टाकला, आणि त्या गर्दीतून सावकाश चालू लागल्या.