घोंगडीच्या काठाची जर्सी

पंचांनी दोन्ही जर्स्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या, हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि सिदूकडं बघितलं. दोन्ही काळ्याभोर. दोन्हींच्या खालच्या कडेला तोच लाल-पांढरा पट्टा, घोंगडीच्या काठासारखा. फरक एवढाच, की उमरग्याच्या जर्सीच्या छातीवर ट्रॅक्टरच्या शोरूमचं नाव होतं आणि ईटच्या जर्सीच्या छातीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘मोनिका’.

“एका संघाला बदलावं लागेल,” पंच म्हणाले. “कोण कुणाची, हे मैदानात मला कळायला नको का?”

नाणं उडालं. ईट हरलं.

घाटात एसटी मागं घ्यायची वेळ आली तरी न डगमगणारा सिदू ड्रायव्हर टेबलाची कड धरून उभा राहिला. मोनिका त्याची मुलगी. ईटच्या याच फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळायची. गेल्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. तेव्हापासून तिची आई गजराबाई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. ना शेताला, ना माहेराला, ना कुणाच्या लग्नाला. शेवटी सिदूनं ठरवलं, संघाला नव्या जर्स्या द्यायच्या आणि त्यांच्यावर पोरीचं नाव टाकायचं. ‘एकदा तिचं नाव मैदानात पळताना बघायला तरी चल,’ असं तो बायकोच्या मागं लागला होता, आणि आज ती आली होती. तिकडं पायऱ्यांवर, पदर पुढं ओढून, सगळ्यांपासून लांब बसली होती. आज नाव दिसलं नाही तर ती पुन्हा घरात जाऊन बसेल आणि मग देव आला तरी तिला बाहेर काढू शकणार नाही, हे सिदूला स्वच्छ दिसत होतं.

हा घोळ घातला होता शांतलिंगनं. उमरग्यात त्याचं जर्स्या छापायचं दुकान होतं. उमरग्याची फेरी लागली की सिदू त्याच्याकडं जाऊन बसायचा. मोनिका आजोबांच्या ज्या घोंगडीवर अभ्यासाला बसायची आणि तिथंच झोपून जायची, त्या घोंगडीचा फोटो दाखवून त्यानं काठ तसाच्या तसा काढून घेतला होता. पट्टा जरा वर घे, लाल जरा गडद कर, असं करत त्यानं शांतलिंगचं डोकं खाल्लं होतं. डिझाइन असं उतरलं की खुद्द शांतलिंगच त्याच्यावर खूश झाला, आणि पुढं उमरग्याच्या मुली जर्स्या मागायला आल्या तेव्हा त्यानं तेच काढून दिलं. जिल्ह्याच्या दोन टोकांचे हे संघ समोरासमोर येतील, हे त्याच्या गावीही नव्हतं. आज तो आला होता तो आपल्या मालाचे फोटो काढायला.

सिदूनं त्याचं मनगट धरलं.

“माज्या बापाच्या घोंगडीचा काठ हाय त्यो! त्यो तू दुसऱ्याला दिलास?”

“ड्रायव्हरसाहेब, चुकलं माजं. चांगला होता म्हणून दिला की हो. वाईट असता तर कशाला दिला असता?”

सिदूनं मनगट सोडलं आणि तुम्हीच जर्स्या बदला म्हणून विनवायला उमरग्याच्या प्रशिक्षकाकडं गेला. माणूस भला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मांडवातल्या सोफ्याकडं हळूच मान वळवली.

“शोरूमचे मालक स्वतः आलेत, भाऊ. नाव झाकलं तर त्यांना मी काय सांगू?”

“आन म्या काय सांगू?” सिदू म्हणाला. पायऱ्यांकडं बोट दाखवावं म्हणून त्यानं हात उचलला, पण तो अर्ध्यातच खाली आला.

आयोजकांकडं जर्सीवरून घालायच्या जाळीच्या बंड्या होत्या, त्या अर्ध्या संघालाही पुरत नव्हत्या. मुलींना खेळ शिकवणाऱ्या हर्षाली मॅडम त्या उलटसुलट करून बघत होत्या, तेवढ्यात शांतलिंग अंग चोरत पुढं आला.

“मॅडम, जर्स्याच उलट्या घालायला लावा. प्रिंट एकाच बाजूला येतंय. आतनं पांढरीच हाय.”

मॅडमनी एका जर्सीची बाही उलटून बघितली. खरंच पांढरी होती.

“नंबर चिकटपट्टीनं लावता येतील,” त्या पुटपुटल्या.

“न्हाय,” सिदू म्हणाला. “न्हाय म्हंजे न्हाय. मग खेळूच नका. चला, जीपमधी बसा समद्या.”

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. कर्णधार अर्पिताचं दहावीचं वर्ष होतं. हा सामना गेला की तिच्या घरचे तिला पुन्हा मैदानावर पाठवणार नव्हते. तिनं बुटाची बांधलेली नाडी सोडायला घेतली.

“तुम्ही म्हणाल तसं, काका.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. सिदूला कुणाशी तरी कडाकडा भांडायचं होतं आणि भांडायला कुणी उरलं नव्हतं. मागून पंचांचा आवाज आला, दहा मिनिटांत संघ उतरला नाही तर सामना उमरग्याला.

तो पायऱ्या चढून गजराबाईच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. तिच्याकडं न बघता त्यानं सगळं सांगून टाकलं. घोंगडीचा काठ, शांतलिंग, नाणं, सगळं.

“नाव दिसणार न्हाय, गजरा. तुला उगंच आणलं म्या.”

गजराबाईनं खाली मैदानाकडं बघितलं. मग म्हणाली, “उलटी घालत्यात व्हय?”

“व्हय.”

“घालू द्या की. ऊन लई हाय. म्या तिची कापडं उलटी करूनच वाळू घालायची. न्हाय तर रंग उडतुय.”

ती पुढं म्हणाली, “आणा हिकडं.”

सिदूनं जर्स्यांची पिशवी आणून तिच्यासमोर ठेवली. गजराबाईनं एकेक जर्सी मांडीवर घेतली, बाहीत हात घालून आतलं टोक धरलं, ओढून बाहेर काढलं, झटकली. सवयीचं काम होतं. नाव आत जात होतं तेव्हा मात्र दर वेळी तिचा हात क्षणभर त्याच्यावर थांबत होता, आणि ते बघवेना म्हणून सिदू जीपवाल्याकडून काळी चिकटपट्टी आणायला उठला. नंबर त्यानंच लावले. ते वाकडे आले.

सामना सुरू झाला. उमरग्याच्या मुली चपळ होत्या, मध्यंतराआधीच त्यांनी एक गोल केला, नंतर दुसरा. पायऱ्यांवर बसलेल्या सिदूचं चेंडूकडं लक्षच नव्हतं. तो कोऱ्या पांढऱ्या छात्या बघत होता. ज्या नावासाठी एवढा आटापिटा केला ते आपल्याच हातानं पुसलं, असं त्याला वाटत होतं, आणि रडू येऊ नये म्हणून तो दातानं बोटाची कातडी सोलत होता. गोलात उभ्या असलेल्या पोरीच्या अंगात तिची स्वतःची जुनी पिवळी जर्सी होती. तिच्यासाठी पण वेगळ्या रंगात एक छापून घेतली असती, तर नाव निदान तिथं तरी दिसलं असतं! आता सुचून काय उपयोग.

ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं. अर्पिता चेंडूमागं पार या टोकाला आली, धापा टाकत रेषेवर थांबली, आणि सिदूचं बोट तोंडातच राहिलं.

घामानं तिची जर्सी अंगाला चिकटली होती. पांढऱ्यातून आतला काळा रंग वर आला होता आणि मधे, छातीभर, अक्षरं तेवढी पांढरी राहिली होती. मागून आलेल्या पोरीच्या छातीवर तीच अक्षरं. पलीकडं आणखी एकीच्या. जी जास्त पळाली तिच्या जास्त ठळक.

पंचांनाही ते दिसलं. ते अर्पिताजवळ येऊन थांबले. तिच्या जर्सीकडं बघितलं, मग उमरग्याच्या मुलीच्या. दोन्ही पुन्हा काळ्याच दिसत होत्या. शिट्टी त्यांच्या ओठात होती. सिदू उभा राहिला आणि त्यानं कुणाला दिसो न दिसो, लांबूनच हात जोडले.

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली.

“चला, चेंडू टाका,” ते म्हणाले. “उशीर होतोय.”

गजराबाई सिदूच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला वाचता येत नव्हतं. एवढं एक नाव तेवढं, पोरीनं वह्यांवर, डब्यावर, भिंतीवर लिहून लिहून, तिच्या ओळखीचं करून ठेवलं होतं.

“तेच हाय न्हवं?” तिनं विचारलं.

“तेच हाय.” सिदू म्हणाला. “पर उलटं दिसतंय, गजरा. आरशात दिसावं तसं.”

“आपल्या बाजूनं उलटं,” गजराबाई म्हणाली. “तिच्या बाजूनं सुलटंच असंल की.”

आणि पदर कमरेला खोचून ती मैदानाच्या रेषेकडं पायऱ्या उतरू लागली.