बावीस पात्यांतली अकरा

मी एक जुना हीटसिंक आहे. खरं सांगायचं तर अर्धाच. माझी एक कड सरळ आहे, कारखान्यातून निघाली तशी. दुसरी वेडीवाकडी, करवतीने कापलेली. कापल्यावर तिच्यावर काळा रंग फासला, पण उजेडात धरलं की ओरखडे दिसतात. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला गोड नाही. तरीही ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी माझं काम सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊकच नसतं. विजेच्या यंत्रातले काही भाग चालताना तापतात आणि फार तापले की जळून जातात. असे भाग माझ्या पाठीला स्क्रूने आवळून बसवतात. त्यांची उष्णता मी अंगावर घेतो आणि माझ्या पात्यांमधून हवेत सोडून देतो. मी गात नाही, उजळत नाही, फिरत नाही. चार पाहुण्यांना कौतुकाने दाखवावं असं माझ्यात काहीच नाही. म्हणूनच लोकांना मी जास्तीचा वाटतो.

तापवलेलं ॲल्युमिनियम साच्यातून दाबून मला घडवलं. अखंड होतो तेव्हा मला बावीस पाती होती. कारखान्यातल्या एका बाईंनी ती बोट फिरवून मोजली, "हा मजबूत आहे" म्हणाल्या आणि मला पेटीत ठेवलं. आयुष्यातलं माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच. तिथून मी एका पाच मजली इमारतीत आलो. गच्चीवरच्या छोट्या खोलीत लिफ्ट चालवणारं विजेचं पॅनल होतं, त्यात मला बसवलं. चौदा वर्षं मी तिथे लिफ्टची उष्णता सोसली. लोक खाली-वर जात होते आणि माझं नावही कुणाला माहीत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटत नसे.

त्या इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे एक माणूस सांभाळायचा. सगळे त्याला वायरमनच म्हणत. तळमजल्यावरच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत. माणूस कामाला चोख होता, पण त्याच्या डोक्यात एक भुंगा शिरला होता. त्याला घरच्या घरी ॲम्प्लिफायर बनवायचा होता. पाचव्या मजल्यावर एक आजोबा आणि आजी दोघंच राहत. त्या आजोबांनी आपले दोन मोठे स्पीकर त्याला देऊन टाकले होते. "माझा ॲम्प्लिफायर केव्हाच गेला. तू नवा कर, मी ऐकायला खाली येईन," असं ते म्हणाले होते. आजोबांना दम्याचा त्रास होता. जिना त्यांना चढवत नसे आणि उतरवतही नसे. लिफ्ट चालली तरच त्यांना बाहेरचं जग दिसायचं.

ॲम्प्लिफायरचं बाकी सगळं सामान जमलं. अडलं ते हीटसिंकपाशी. तुम्हाला गंमत वाटेल, पण घरी ॲम्प्लिफायर करणाऱ्या प्रत्येकाचं घोडं इथेच अडतं. वायरमनने भंगाराची सगळी दुकानं पालथी घातली. कुठे पाती मोडलेली, कुठे पाठ वाकलेली, कुठे आधीच्या मालकाने भोकं पाडून चाळणी केलेली. कॉम्प्युटरमधले हीटसिंक मिळाले, ते तळहाताएवढे. एकदा त्याने खिडकीच्या चौकटीचा तुकडा आणला आणि त्यावर भाग बसवले. दहा मिनिटांत धूर निघाला. मग त्याची नजर स्वयंपाकाच्या ओट्याकडे वळली.

"माझ्या कुकरला हात लावलात तर बघा," बायको म्हणाली.

"नुसतं बघतोय गं. बूड चांगलं जाड आहे."

"जेवायचंही मग त्या ॲम्प्लिफायरमध्येच शिजवा!"

दोघंही हसली. पण दुसऱ्या दिवशी वायरमन गच्चीवरच्या खोलीत आला, पॅनल उघडलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. दिवस थंडीचे होते. त्याने माझ्यावर तळहात ठेवला आणि मोजू लागला. या लोकांची ती जुनी रीत आहे. पाच आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला की हीटसिंक ठीक. त्याने वीसपर्यंत मोजलं तरी त्याला चटका बसला नाही. "एवढा मोठा हवाय कशाला इथे?" तो स्वतःशीच म्हणाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी थंडीसाठी मोठा नाही, मी उन्हाळ्यासाठी मोठा आहे. पण मला तोंड कुठे आहे?

सुट्टीच्या सकाळी त्याने लिफ्ट दोन तास बंद ठेवली, मला काढून खोलीत नेलं आणि फरशीवर आडवं घातलं. कापताना मी हलू नये म्हणून बायकोने मला दोन्ही हातांनी दाबून धरलं. "हे लिफ्टचं आहे ना हो? चालेल ना?" तिने विचारलं. "अगं, बावीस पाती आहेत. अकरात भागतंय," तो म्हणाला. तिचा त्याच्या हातावर विश्वास होता. करवत चालली, कीस पडला आणि मी दोन झालो. त्याने कडा कानसीने घासल्या, रंग लावला, मला ॲम्प्लिफायरसाठी ठेवलं आणि माझा दुसरा भाग वर पॅनलमध्ये नेऊन बसवला. लिफ्ट दोनदा खाली-वर करून पाहिली, वर हात ठेवून मोजलं आणि समाधानाने खाली आला. ती लिफ्ट तेव्हा रिकामी होती.

ॲम्प्लिफायर मात्र सुंदर झाला, हे मला कबूल केलंच पाहिजे. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा वायरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबा येऊन खुर्चीवर डोळे मिटून बसले आणि शेवटी म्हणाले, "पोरा, कसब आहे तुझ्या हातात." मग दर आठवड्याला ते एक रेकॉर्ड काखेत मारून खाली यायचे. मीही फुशारलो. लोक पहिल्यांदाच मला बघत होते. वरच्या भागाची मला आठवणही राहिली नाही. ही माझी लाज आहे आणि ती मी लपवणार नाही.

उन्हाळा आला. त्या वर्षी गच्ची इतकी तापली की वायरमन पाण्याची टाकी बघायला गेला, तो चपलेतून पाय भाजत परत आला. पॅनल मात्र त्याने उघडून पाहिलं नाही. त्या दुपारी आजोबा येणार होते. बायको बाहेर गेली होती. वायरमनने खुर्ची पुसून ठेवली, रेकॉर्ड लावली आणि वाट बघू लागला. पंधरा मिनिटं झाली. "आज आजोबा विसरले की काय?" तो म्हणाला. मग त्याने आवाज वाढवला, वरपर्यंत ऐकू गेला की उतरतील म्हणून. तरी कोणी आलं नाही. त्याने आणखी वाढवला. मी तापत होतो, पण माझ्यापुरतं मी सोसत होतो.

आजोबा तेव्हा लिफ्टमध्ये होते. वरच्या भागाला उष्णता झेपली नाही, त्याच्यावर बसवलेले भाग जळले आणि लिफ्ट तिसऱ्या-दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आतला पंखाही बंद पडला. बॅटरीवर चालणारी धोक्याची घंटा वायरमनच्या दाराबाहेरच होती आणि आजोबा ती दाबत होते. ती त्याला ऐकू आली नाही. तो मोठा आवाज माझ्याच जोरावर चालला होता. त्यांना मात्र खालचं गाणं ऐकू येत असणार.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कामावरून परतल्या तेव्हा जिन्यात त्यांना ठोकल्याचा बारीक आवाज आला. त्या धावत खाली आल्या आणि दार बडवू लागल्या. "अहो वायरमन, आधी ते बंद करा! लिफ्टमध्ये माणूस आहे!"

त्याने बटण फिरवलं. सगळं शांत झालं. घंटाही वाजत नव्हती.

त्याने गच्चीवर जाऊन हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली. आजोबा कोपऱ्यात बसलेले होते आणि त्यांच्या मांडीवर रेकॉर्ड होती. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण संध्याकाळच्या आतच ते गेले.

दोन दिवसांनी लिफ्टच्या कंपनीचा माणूस आला. पॅनल बघून तो पाणी प्यायला आमच्या खोलीत बसला आणि म्हणाला, "हीटसिंक फारच लहान आहे हो. कोणी बसवला?" वायरमनने माझ्याकडे बघितलं नाही. "आधीपासून तसाच आहे," तो म्हणाला. त्या माणसाने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बायको दारात उभी होती. तिच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

ॲम्प्लिफायरवर चादर पडली. त्यानंतर त्या घरात कोणी धड जेवलं नाही. बायकोने एकदाच विचारलं, "तुम्ही सांगता की मी सांगू?" तो म्हणाला, "नोकरी जाईल. खोली जाईल. कदाचित तुरुंगही. आणि सांगून ते परत येणारेत का?" "मी धरला होता हो तो. माझ्या हातांनी," एवढंच ती म्हणाली.

नवव्या दिवशी वायरमन पंपाच्या कामाला गेला असताना तिने चादर काढली. स्क्रू कसे काढतात हे ती बघून बघून शिकली होती. तिने मला सोडवलं, पदरात गुंडाळलं आणि पाच मजले जिन्याने चढून आजींच्या दारात उभी राहिली. आजी घरात एकट्याच होत्या. तिने मला टेबलावर ठेवलं, कापलेली कड त्यांच्याकडे करून, आणि थांबत थांबत सगळं सांगितलं. कुठे कापला, का कापला, कोणी धरला. काहीच गाळलं नाही.

आजी रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी ते नको म्हणत होते गं. दम लागत होता त्यांना. मीच म्हटलं, पोरगा वाट बघत असेल, जाऊन या. नऊ दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडलेय. मला वाटतंय, मीच त्यांना मारलं."

बायको रडू लागली. मी पात्यापात्यात गार पडलो. वायरमनचं गप्प राहणं एका म्हाताऱ्या बाईला नऊ दिवस जाळत होतं आणि खाली आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

मित्रांनो, दुसऱ्याच्या चालू यंत्रातलं काही तुम्हाला जास्तीचं वाटलं तर ते कशासाठी आहे हे आधी विचारा. हातून चूक झालीच तर त्याच दिवशी सांगा. तुम्ही सांगत नाही तोवर तिचा दोष कुणीतरी बिचारा आपल्या डोक्यावर घेऊन बसलेला असतो.

त्या संध्याकाळी वायरमन वर आला. त्याला बायकोने सगळं सांगितलं होतं. तो उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा राहिला. आजींनी त्याला आत बोलावलं नाही. त्यांनी दारही लावलं नाही. त्या आतल्या खुर्चीवर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुझ्या तोंडाने सांग."