टाकीवरची सोनेरी रेघ

मार्गशीर्षातली सकाळ. ज्योतिबाच्या डोंगरावरून धुकं उतरत होतं. मंद, मूक, मेंढरांच्या कळपासारखं. गुऱ्हाळाच्या चुलाणातून उठलेला धूर त्या धुक्यात मिसळत होता, आणि साऱ्या शिवाराला काकवीचा, ओल्या मातीचा, कोवळ्या उन्हाचा वास येत होता. ऊन मधाचं बोट फिरवल्यासारखं कौलांच्या कडांना चिकटलं होतं.

तेच ऊन परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलं आणि थबकलं.

आत फटफटी होती. जांभळ्या देहाची, रुपेरी चाकांची, जुनी जावा. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर जो रंग राहतो, तो रंग. उन्हाचं बोट तिच्या टाकीवरून घसरलं, वळणावर रेंगाळलं, आणि ओघळलं.

आणि तिच्यासमोर, बुटक्या स्टुलावर, उजवा हात डाव्या काखेत दाबून, एक माणूस बसला होता.

दत्ताजीराव इंगवले गावच्या हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. फळ्यावर खडू टेकवून हात फिरवला की वर्तुळ उमटायचं. कंपासाला लाजवील असं, पौर्णिमेसारखं. अख्खी नोकरी त्यांनी सायकलवर काढली. फटफटीची हौस होती, पण संसारात ती मागे मागे सरत गेली आणि मनाच्या अडगळीत जाऊन बसली. निवृत्तीनंतर एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे, घाणेरीच्या झुडपात, त्यांना ही दिसली. चाकांच्या आऱ्यांतून फांद्या वाढलेल्या. दिव्याच्या खोबणीत मुंग्यांचं वारूळ. गंजाने गिळलेली, उन्हाने सोललेली, पावसाने विसरलेली.

टेम्पोतून ती घरी उतरली तेव्हा कुमुदिनीबाई दारात उभ्या होत्या.

"काय आणू?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "ओवाळायला ताट, का लोटायला केरसुणी?"

"दोन्ही आण," मास्तर म्हणाले.

मग ऋतू आले, ऋतू गेले. मास्तर गंज खरवडत राहिले. गंजाखाली लोखंड निघालं, लोखंडाखाली जणू त्यांचं तारुण्य निघालं. इंजिन उघडलं, पुसलं, जोडलं, पुन्हा उघडलं. हँडल आपल्या खांद्यांना बेतून वाकवून घेतलं. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या कारागिराकडून सीट शिवून आणली. चपलेच्या पट्ट्यावर असते तशी कातडी वेणी तिच्या काठाला. जांभळा रंग स्वतः कालवला, स्वतः मारला, पॉलिश पेपरने घासला, पुन्हा मारला.

आता राहिली होती फक्त रेघ.

टाकीच्या कडेने वळत जाणारी, केसाएवढी, सोनेरी. "ती मी हाताने ओढणार," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "पट्टी चिकटवून नाही, साचा लावून नाही. हाताने."

आणि तो हातच थरथरू लागला होता.

पहिल्यांदा केव्हा, ते त्यांना नेमकं आठवत होतं. कार्ब्युरेटरची सुई बसवताना. सुई भोकाशी आली आणि भोकाभोवती नाचू लागली. मास्तरांनी सुईकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे पाहिलं. पिंपळाचं पान वारा नसताना हलतं, तसा तो हलत होता. एकटाच. आपल्याच नादात. मालकाला न विचारता.

मास्तरांनी सुई तशीच खाली ठेवली.

कारण हे पान त्यांनी आधी पाहिलं होतं. त्यांचे वडील तालमीतले वस्ताद. मांड्या सागाच्या, छाती दरवाजासारखी. त्यांनी मनगट धरलं की पैलवानाच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढे त्यांच्या स्वतःच्या मनगटाला असंच वारं लागलं होतं. शेवटी शेवटी पाण्याचा पेला ओठांशी पोहोचेपर्यंत रिकामा व्हायचा, आणि पांढऱ्या मिशांवरून ओघळणारं पाणी सून मुकाट्याने पुसायची.

म्हणून मास्तरांनी हात लपवला. चहाचा कप डावीकडे गेला. उजवा हात खिशात गेला, काखेत गेला, शालीत गेला. कुणी समोर आलं की तो हात पाठीमागे जाऊन उभा राहायचा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. दिवसा भीती गप्प असायची. पण बशी वाजली की ती दचकून जागी व्हायची. वर्तमानपत्राचं पान फडफडलं, की जागी व्हायची. शर्टाचं बटण काजातून निसटलं, की डोळे उघडून बघायची.

आणि कुमुदिनीबाई? त्यांनी बशीचा आवाज ऐकला होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. स्वयंपाकघरातून परसात, परसातून स्वयंपाकघरात त्या उगाच फेऱ्या घालत. तव्यावरची भाकरी करपायची. चिंता दोघांची एकच होती. पण दोघं ती एकमेकांपासून झाकून वाहत होती.

त्या सकाळी मास्तरांनी सोनेरी रंग घोटला. कुंचला बुडवला. श्वास रोखला. टाकीवर टेकवला.

रेघ निघाली, बोटभर सरळ गेली, आणि मग तडकली, दचकली, भेदरलेल्या सापासारखी वळवळली. मास्तरांनी ती रॉकेलच्या फडक्याने पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. जांभळ्यावर सोन्याचा पुसट चिखल झाला.

दारात सावली पडली.

"ब्रश खराब आहे," मास्तर मागे न बघता म्हणाले. "केस सुटायला लागलेत."

"ब्रश परवाच आणलाय की," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "खारीच्या केसांचा. पुण्याहून मागवून घेतलाय तुम्ही."

"मग रंग घट्ट झालाय."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये एवढी माया होती, की मास्तरांना ती सोसवली नाही. त्यांनी कुंचला फेकला, शेडला कुलूप घातलं, आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात टाकली.

कुलूप लागलं आणि घर आंधळं झालं. दत्ताजीराव ओसरीवर बसून राहू लागले. ऊसतोड सुरू झाली होती. हिरव्या पिकाच्या भिंती रोज मागे हटत होत्या आणि उघडं, काळं, कापलेलं रान पुढे पुढे सरकत घराशी येत होतं. मास्तर त्याच्याकडे बघत बसत. हात शालीत. शाल किंचित हलत.

एका दुपारी कुमुदिनीबाई शेंगा फोडत समोर बसल्या. टरफलं मोडत होती, दाणे सुपात पडत होते. खाली मान घालून, भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी विचारलं,

"मामंजींचा हात कुठनं सुरू झाला होता हो?"

लांब कुठेतरी कोयत्याचा आवाज येत होता.

"अंगठ्यापासून," ते म्हणाले.

"आणि तुमचा?"

टरफल मोडलं. दाणा सुपात पडला. परसातल्या शेवग्यावर कावळा बसला, उडाला. फांदी हलत राहिली.

"अंगठ्यापासून."

कुमुदिनीबाईंनी सूप बाजूला सारलं. शालीत हात घातला, आणि तो थरथरता हात बाहेर उजेडात आणला. घरट्यातून पडलेलं पिल्लू ओंजळीत घ्यावं, तसा. तो त्यांच्या तळव्यात धडधडत राहिला.

"उद्या कोल्हापूरला जाऊया," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या डॉक्टरांकडं. मी फोन करून विचारून ठेवलंय."

"केव्हा विचारलंस?"

"तुमच्या बशीचा आवाज यायला लागला तेव्हा."

मास्तर हसले की काय झालं कुणास ठाऊक. ओठ वाकले आणि डोळे भरले. "आणि त्यांनी सांगितलं, फटफटीवर बसायचं नाही, तर?"

"तर बसायचं नाही. पण एकदा कळू तरी दे. ही भीती लई दिवस पोसली आपण. गाभण म्हशीसारखी सुटलीय नुसती."

मास्तरांनी आतल्या खिशातून किल्ली काढली. "जायचं तर जाऊ. पण आधी रेघ. डॉक्टरानं दुखण्याला नाव द्यायच्या आधी."

शेड उघडलं. तिरपं, तांबूस, उतरणीचं ऊन आत आलं. मास्तरांनी पाटी रंगवणारे पेंटर धरतात तशी काठी हाताखाली धरून पाहिली. काठीच घसरू लागली. डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं. दोन्ही हात कापू लागले.

"सरका," कुमुदिनीबाई म्हणाल्या. पदर खोचून त्या टाकीला लागून मांडी घालून बसल्या. "टेकवा कोपर माझ्या खांद्यावर."

"तुझा खांदा हलेल."

"श्वास सोडताना हलेल. तेवढं थांबा."

कोपर खांद्यावर टेकलं. हाडाला हाड लागलं. हाताची थरथर तिच्या खांद्यात उतरली, आणि तिचा ठाव, तिची ऊब, तिचा थारा त्याच्या हातात चढला. ती श्वास घ्यायची; धरायची; तेवढ्यात कुंचला चालायचा. ती श्वास सोडायची; कुंचला थांबायचा. पुन्हा श्वास. पुन्हा सोनं. टाकीच्या वळणावरून, उतारावरून, पुढच्या टोकावरून, एका श्वासाएवढी, मग आणखी एका श्वासाएवढी, रेघ पुढे जात राहिली.

एके ठिकाणी कुमुदिनीबाईंना हुंदका आला. रेघेला तिथे लाट आली.

"पुसा ती," त्या ओशाळून म्हणाल्या.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांना चालायला सांगितलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. मग कोरा कागद पुढे ठेवला. "गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढा. आतून बाहेर, गोल गोल."

ज्या हाताने फळ्यावर पौर्णिमा उगवायची, त्या हाताने पेन उचललं. गोल निघालं; चुरगळलेलं, आकसलेलं, स्वतःतच गुंतलेलं. मास्तरांनी भिंतीकडे बघत कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. तरुण होते, हळू बोलत होते. "पण सुरुवात आहे. गोळ्या चालू करू. लागू पडल्या तर बरीच वर्षं चांगली जातील."

"आणि मोटारसायकल?"

"सध्या चालवू नका."

एस.टी.त दोघं खिडकीशी बसली. मास्तर तो एकच शब्द मनात फिरवत राहिले. सध्या. त्या शब्दाला दार होतं. पण ते उघडणारं की मिटणारं, कळत नव्हतं.

दोघं घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. कुमुदिनीबाईंनी देवापाशी निरांजन लावलं आणि तशाच परसात आल्या.

"चालू करा की फटफटी."

"नको म्हणालेत डॉक्टर."

"चालवू नका म्हणालेत. चालू करू नका असं कुठं म्हणालेत?"

मास्तरांनी खिशातली किल्ली चाचपली. मग शेडकडे वळले. दोघांनी मिळून गाडी अंगणात ढकलत आणली. फाटकाकडे तोंड करून, मधल्या स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. मास्तर सीटवर चढले. किक मारली. नुसता खोकला. पुन्हा मारली. कढत धुराचा एक निळा सुस्कारा. पुन्हा, आणि इंजिन जागं झालं. घुमलं, घुरघुरलं, अंगणभर झंकारत राहिलं. हँडल थरथरत होतं, टाकी थरथरत होती, आरसे थरथरत होते. हँडलवरचा हातही थरथरत असेल. आता कोण ओळखणार?

"सरका पुढं," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून मागे बसल्या.

"घट्ट धर," मास्तर म्हणाले.

त्यांनी गिअर टाकला. मागचं चाक हवेत फिरू लागलं. वेगाने, अधिक वेगाने, आऱ्यांचं रुपेरी धुकं होईतो. गाडी जागची हलली नाही. त्यांनी दिवा लावला. उजेडाचा लांब, पिवळा, कापरा पट्टा फाटकातून निघाला आणि गाडीवाटेवर दूरपर्यंत पसरला.

त्या वाटेने उसाच्या मोळ्या लादलेली बैलगाडी येत होती. गाडीवानाने डोळ्यांवर हात धरला. समोरून कुणी जोरात येतंय असं त्याला वाटलं. आवाज तसा होता, उजेड तसा होता. "हो रं, हो," म्हणत त्याने कासरा ओढला, बैल वाटेच्या कडेला घेतले आणि थांबला.

बैलांच्या डोळ्यांत दोन दोन दिवे पेटले. उसाचे शेंडे वाऱ्यावर सळसळले. अंधार दाटला, रान मिटलं. आणि येणाऱ्या फटफटीला वाट सोडून, गाडीवान वाट बघत उभा राहिला.