पाडून बघायची गाडी

पाववाल्याची गाडी शनिवारी सकाळी टेम्पोत आडवी पडून आली. मागचा क्रेट अजून बांधलेलाच होता. पाववाला टेम्पोतून उतरला तो लंगडत, पण तोंड शाबूत होतं.

"अभिनंदन, मिस्त्री. तुमच्या गार्डला काही म्हणता काही झालेलं नाही. इंजिन मेलं, गार्ड ठणठणीत."

मिस्त्री गाडीपाशी उकिडवे बसले. गार्ड त्यांच्याच हातचा होता, चार महिन्यांपूर्वीचा. इंजिनाच्या पुढून दोन्ही बाजूंना बाहेर वळवलेला लोखंडी पाइप. गाडी आडवी झाली की आधी हा जमिनीला टेकावा आणि इंजिन वर राहावं, एवढंच त्याचं काम. पाइपाचा एका जागचा रंग उडाला होता, बाकी तो जसाच्या तसा होता. मात्र गार्डचा खालचा बोल्ट इंजिनाला जिथे धरतो, तिथला केसिंगचा, म्हणजे इंजिनाच्या कवचाचा, तुकडाच उखडून आला होता. भेगेतून तेल गळून गळून वाळलं होतं.

"कुठे पडलात?"

"चौकात. कुत्रं आडवं आलं. वेग म्हणाल तर माझी सासू याहून जोरात चालते. सगळे पाव रस्त्यावर. कुत्र्याची चंगळ झाली."

"लागलं का?"

"गुडघा सोलला, तो येईल भरून. मला एवढं सांगा, इतका जाड गार्ड लावून इंजिन फुटतं कसं?"

"जाड आहे म्हणूनच फुटलं," मिस्त्री म्हणाले.

पाववाल्याला वाटलं, मिस्त्री थट्टा करतायत. तो हसायला गेला आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघून क्रेट सोडवायला लागला.

"इंजिन मी करून देतो," मिस्त्री म्हणाले. "तोवर माझी सायकल न्या."

"सायकलवर पाव? लोक जेवून हात धुतील, तेव्हा मी पोचेन," असं म्हणत पाववाला सायकल घेऊन गेला.

पाववाल्याला दिलेलं उत्तर मिस्त्रींचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोचं होतं.

बायकोने एकोणीस वर्षं मोटरसायकलवरून दवाखान्यांतल्या रक्ताच्या बाटल्या तपासणीच्या जागी पोचवल्या. त्यात ती चार वेळा पडली. त्यामुळे लोखंडातलं मिस्त्रींना कळायचं आणि पडण्यातलं तिला. मिस्त्रींनी पहिला गार्ड बनवला तेव्हा तिने तो पायाने दाबून बघितला आणि म्हणाली, "अहो, हा वाकतच नाही."

"वाकू नये म्हणूनच केलाय."

"मग मार जाणार कुठे? याने खाल्ला नाही तर इंजिन खाणार. याला वाकू दे. वाकला की बदलता येतो."

त्यावर दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पातळ पाइप आणला. तेव्हापासून शेडमध्ये एक रीत पडली. नवा नमुना केला की तो आधी तिच्या गाडीला लावायचा. शेडच्या फरशीवर खडूची पूड पसरायची आणि गाडी उभ्याने पाडायची. मग उचलून बघायचं, पूड कुठे कुठे लागली. गार्डला, हँडलच्या टोकाला, पाय ठेवायच्या दांडीला लागली तर ठीक. इंजिनाला लागली तर गार्ड भंगारात. गाडी सोडायचं काम तिचं. मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे. ती म्हणायची, "पड गं बाई एकदाची," आणि हात काढून घ्यायची. ती गाडी अशी मुद्दाम चाळीसेक वेळा तरी पडली असेल. क्लचच्या दांडीचं टोक कधीच मोडून गेलं होतं आणि सायलेन्सरचा पोचा तर असा होता की त्यात अंडं बसलं असतं.

गेल्या वर्षी ती आजारी पडली आणि सात आठवड्यांत गेली.

गाडीवर मिस्त्रींनी चादर टाकली. महिन्याभराने पुन्हा कामाला लागले, तेव्हा त्यांनी पाइप आणला तो दुप्पट जाडीचा. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. गिऱ्हाइकं खूश होती, जाड दिसतं ते मजबूत वाटतं. नमुना पाडून बघायला हवा होता, पण गाडी चादरीखाली होती. अकरा गार्ड असेच बाहेर गेले. बारावा मागच्या आठवड्यात त्यांनी तिच्याच गाडीला लावला होता. कारण सोमवारी मुलगी ती गाडी घेऊन निघणार होती.

मुलीला मोबाइलचे टॉवर तपासायची नोकरी लागली होती. टॉवर डोंगरांवर, रस्ते खडीचे, आणि जवळचं गॅरेज नव्वद किलोमीटरवर. तिथे गाडी घसरून इंजिन फुटलं तर दिवसभरात माणूस दिसेलच असं नाही.

मुलगी मागच्या खोलीतून चहा घेऊन आली. फुटलेलं केसिंग तिने बघितलं, मग आईच्या गाडीचा गार्ड बघितला.

"बाबा, हा तोच ना?"

"तोच."

"पाडून बघितला होता?"

मिस्त्रींनी चहा बशीत ओतला. ओतत राहिले. बशी भरून चहा खाली सांडला.

"नाही," ते म्हणाले.

मुलीने पाना उचलला आणि गार्डचे बोल्ट सोडवायला बसली. एक बोल्ट हलेना तेव्हा म्हणाली, "केवढे आवळलेत! मी काय हा चोरून नेणार होते?"

रविवारी दुपारपर्यंत मिस्त्रींनी पातळ पाइपाचा गार्ड केला. जुनी मापं भिंतीवर खडूने लिहिलेली होती, बायकोच्या अक्षरात. वळणं दिली, वेल्डिंगचे टाके घातले, घासून गुळगुळीत केले. रंग दिला नाही. गार्ड चढवला आणि हात पुसत म्हणाले, "झालं. मापं तीच आहेत. हा चालतो, मला माहीत आहे."

"पाडू या."

"कशाला? चाळीस वेळा बघितलंय."

"तो पाइप वेगळ्या दुकानचा होता. आणि टाके तुम्ही वर्षभर जाड पाइपाला घालताय. पातळ पाइप जळला असेल तर?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून मिस्त्रींना राग आला.

"आणि फुटलं इंजिन तर? उद्या कशावर जाशील?"

"नाही जाणार. डोंगरात फुटण्यापेक्षा इथे फुटू दे. इथे निदान तुम्ही आहात."

तिने शेडमधली पत्र्याची खुर्ची सरकवली, फरशी झाडली, डब्यातून पूड काढून पसरली. पूड वर्षभराने दमट झाली होती, गुठळ्या बोटांनी फोडाव्या लागल्या. मिस्त्रींनी चादरीची घडी घातली. मग उलगडून पुन्हा घातली.

"सोडतेस ना?" त्यांनी विचारलं.

"मी खाली वाकून बघणार. आधी काय टेकतं ते कळायला नको? तुम्ही सोडा."

मिस्त्रींनी हँडल धरलं. गाडी आपल्याकडे कलती घेतली की ती जड लागते, पलीकडे ढकलली की अजिबात नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. रबरी मुठीवर बायकोच्या अंगठ्याने खळगा पडला होता. त्यांनी गाडी थोडी ढकलली आणि पुन्हा ओढून घेतली.

"बाबा, हात दुखतील. सोडा."

"थांब जरा."

"थांबले. वाटलं तर सोमवारपर्यंत थांबते."

मिस्त्री धरून उभे राहिले. बाहेर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं. तिची शिट्टी थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, "पड गं बाई एकदाची," आणि हात काढून घेतले. डोळे मात्र मिटले नाहीत.

आवाज मोठा झाला. पत्र्याची खुर्ची हलली. पूड उडाली आणि खाली बसायला वेळ लागला. मुलगी शिंकली, दोनदा.

दोघांनी मिळून गाडी उचलली. गार्डच्या बाहेरच्या वळणाला पूड होती आणि पाइप एक बोट आत गेला होता. टाके कुठे उकललेले नव्हते. हँडलचं टोक पांढरं, दांडी पांढरी. मिस्त्रींनी केसिंगवरून तळहात फिरवला, बोल्टाभोवतीही फिरवला. हात तेलकट काळा झाला. पांढरं काही लागलं नाही.

"चालू कर," ते म्हणाले.

दुसऱ्या किकला इंजिन चालू झालं.

वाकलेला गार्ड त्यांनी काढला आणि संध्याकाळपर्यंत त्याच मापाचा दुसरा चढवला. आणखी एक जास्तीचा करून मागे सामानाबरोबर बांधून दिला. सोमवारी सकाळी मुलगी गेली. ती कोपऱ्यावर वळली तसे मिस्त्री शेडमध्ये आले आणि त्यांनी अकरा गाडीवाल्यांना फोन लावायला घेतले. "गार्ड बदलायला या," एवढंच ते सांगायचे. पाववाल्याने मात्र विचारलं, "आता पातळ लावणार? लोक हसतील, मिस्त्री."

"हसू दे. इंजिन रडणार नाही."

पाववाल्याची गाडी शेडमध्येच होती, बाकीच्यांतले आठ आले. दोघे म्हणाले, आमचा जाडच बरा. त्यांच्याकडे मिस्त्री स्वतः जाऊन गार्ड काढून आले.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, मुलीचा फोन आला. वारा इतका होता की शब्द तुटत होते.

"बाबा, पडले."

मिस्त्रींनी ग्राइंडर बंद केला. "लागलं?"

"कोपर खरचटलंय. खरंच तेवढंच. खडीवर मागचं चाक गेलं."

"हात हलवून बघ. बोटं सगळी हलतात?"

"हलतात हो. त्याच हाताने फोन धरलाय. गाडीचं विचारा ना."

"तेल गळतंय?"

"नाही. ऐका."

तिने फोन गाडीपाशी धरला असावा. वाऱ्यातून इंजिनाचा आवाज आला, एकसारखा. मिस्त्री तो बराच वेळ ऐकत राहिले. ती पुन्हा फोनवर आली तेव्हा त्यांनी विचारलं, "गार्ड किती वाकलाय?"

"तीन बोटं. काढून दुसरा लावते."

"नीट वाकलाय," मिस्त्री म्हणाले. "तो टाकू नकोस, घरी घेऊन ये."

फोन ठेवून त्यांनी पातळ पाइप ओढला आणि पुढच्या गार्डसाठी माप घेतलं.