पिवळं जाकीट

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये माझे पाय एका जागी ठरत नाहीत. आमची प्रमुख डेल्फीन म्हणते, "लेनोर, तू सोबतीण आहेस की राखणीचं कुत्रं?" तिचं खोटं नाही. गाडी आत वळली की माझी मान वर, दार उघडलं की पाऊल पुढे. काम तसं साधं आहे. गर्भपातासाठी आलेल्या बाईला गाडीपासून दारापर्यंत सोबत करायची. आधी विचारायचं, ती हो म्हणाली तरच चालायचं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही आणि पलीकडच्या मंडळींच्या तोंडी लागायचं नाही. हे शेवटचं मला फार जड जातं.

पलीकडची मंडळी म्हणजे ग्लेंडा आणि तिच्या चर्चमधल्या बाया. आमच्याकडे कोलोरॅडोत कायदा आहे. दवाखान्याच्या दाराजवळ कुणाला पत्रक द्यायचं किंवा चार शब्द सांगायचे असतील, तर आलेल्या बाईला विचारल्याशिवाय तिच्या आठ फुटांच्या आत जायचं नाही. पण आपण जागच्या जागी उभे असलो आणि ती बाईच जवळून गेली, तर गुन्हा नाही. ग्लेंडाने हे बरोबर हेरलंय. दाराच्या वाटेवर खांबासारखी उभी राहते, हातात पत्रक. या युक्तीपायी मी तिला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे. एक मात्र आहे, ती खोटं बोलत नाही. अडचणीचं काही विचारलं तर विषय बदलेल, पण खोटं बोलणार नाही.

दवाखान्याशेजारचं रिकामं दुकान हल्लीच तिच्या चर्चने भाड्याने घेतलं. काचेवर पाटी लावली, 'महिला आरोग्य मदत'. आत सोफा आहे, गरम कोको आहे, प्रार्थना आहे. डॉक्टर नाही. चुकून तिकडे शिरलेल्या पोरीला इतक्या मायेने बसवून ठेवतात की दवाखान्यातली तिची वेळ टळून जाते. टेक्सासात गर्भपाताला बंदी, म्हणून तिथून रात्रभर गाडी हाकत आलेल्या पोरीला दुसरी वेळ कुठली मिळायला? कामावरची रजा संपते आणि ती तशीच परत जाते.

त्या शनिवारी ग्लेंडा पिवळं जाकीट घालून आली. आमच्यासारखंच, बिनबाह्यांचं, रस्त्याची कामं करणारे घालतात तसलं. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, त्यामुळे कुणाला काही म्हणायची सोय नाही. आणि दवाखान्यातून फोनवर प्रत्येकीला सांगितलं जातं की पिवळी जाकिटं दिसली की ती आपली माणसं. माझं डोकंच फिरलं. डेल्फीनने मला बाजूला घेतलं. नवा पोलीस आलाय, ट्रुहिलो नावाचा, तो दोन्हीकडच्यांना एकच नियम लावतो. तुझ्या नावाने दंडाची पावती फाटली तर जाकीट माझ्याकडे आणून द्यायचं, असं तिने बजावलं.

तेवढ्यात टेक्सासच्या नंबरप्लेटची धुळकट गाडी आली, ती नेमकी ग्लेंडाच्या बाजूला थांबली. आतून एक पोरगी उतरली, एकटीच, गालावर उशीचा वळ. गाडीतच झोपली असणार. तिने पिवळं जाकीट पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. ग्लेंडाने अदबीने विचारलं, मी बरोबर येऊ का? पोरगी हो म्हणाली. दोघी चर्चच्या दुकानाच्या काचेच्या दाराकडे निघाल्या.

मी धावले. विचारणं वगैरे सगळं विसरले आणि तिची बाही धरली. "अगं, तिकडे नको जाऊस."

पोरगी चटका बसल्यासारखी मागे सरली. "हात लावू नका मला."

ट्रुहिलो आलाच. ग्लेंडा शांतपणे त्याला म्हणाली, "मला तिने परवानगी दिलीय, हिला नाही." आणि ते खरं होतं, याचाच मला जास्त संताप आला.

"बाई, आणखी एक पाऊल तिच्याकडे टाकलंत तर पावती फाडीन," तो म्हणाला.

दोघी पुढे निघाल्या. पोरगी आता ग्लेंडाला अधिकच चिकटून चालत होती, माझ्यामुळे. ती त्या दारात शिरली की संपलं, आणि मला तिच्याकडे एक पाऊल टाकायची सोय नव्हती.

मग मी गाड्यांच्या मागून, लांबच्या बाजूने, जवळजवळ पळतच गेले आणि दोन दारांच्या मध्ये भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हात खिशात. ग्लेंडा उभी राहते अगदी तशी. आमच्या दोघींची जाकिटं सारखीच दिसत होती, त्यावरून पोरीला काही कळणार नव्हतं, म्हणून माझं काढून खाली टाकलं. वाऱ्याने अंगावर काटा आला. पाय पुढे ओढ घेत होते, पण हलवले नाहीत.

दोघी जवळ आल्या तशी मी म्हणाले, "पोरी, माझं ऐकू नकोस. तिलाच विचार, त्या दारात डॉक्टर आहे का?"

पोरगी थांबली. "आहे ना हो?" तिने ग्लेंडाला विचारलं.

"आधी आत बसू या, बाळा. थंडी केवढी आहे."

"डॉक्टर आहे का?"

ग्लेंडाचे ओठ हलले. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. हो म्हणाली असती तर पोरगी गेली असती.

"नाही," ग्लेंडा म्हणाली.

पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोघींवरचाही तिचा विश्वास उडाला होता, आणि माझ्यावरचा तर मीच उडवला होता. ट्रुहिलो पावतीपुस्तक हातात घेऊन उभा होता. दवाखान्याचं निळं दार अगदी समोर होतं, पण मधे ग्लेंडाच्या बाया पत्रकं घेऊन उभ्या होत्या. तेवढी वाट तिने एकटीने जाऊ नये, असं मला आतून फार वाटत होतं.

मी जागेवरूनच विचारलं, "मी बरोबर चालू का?"

"नको," ती म्हणाली.

तिने टोपी डोळ्यांपर्यंत ओढली आणि बायांच्या मधून एकटीच चालत गेली. एकीने पत्रक पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. निळं दार उघडलं आणि तिच्यामागे बंद झालं.

माझं जाकीट पायाशी पडलं होतं. दार बंद होईपर्यंत मी ते उचलायलासुद्धा वाकले नाही.