फोटोतली पल्लवी

पहिली पाळी सुटली तशी स्वरूपा बारामती एमआयडीसीतल्या दूध कारखान्याच्या फाटकाबाहेर आली. तिला पाहताच एका चाळिशीला टेकलेल्या माणसाचा चेहरा उजळला.

"पल्लवी! हितं कामाला हायस व्हय? कधी बोलली न्हाईस!"

"मी स्वरूपा. पणदऱ्याची. तुमी कोण?"

तो संदेश, अंथुर्ण्याचा. दुधाचा टँकर चालवायचा. गोंधळून त्याने मोबाईल पुढे केला. फोटो स्वरूपाचेच होते, घराच्या गच्चीवरचे. खाली 'पल्लवी'चे लाडिक निरोप आणि दर थोड्या दिवसांनी पैशाची मागणी. कधी आईचं ऑपरेशन, कधी अपघात. दर वेळी त्याने पैसे पाठवले होते.

"हिचा आवाज तरी ऐकलाय का?"

"न्हाय. घरचे कडक हायत म्हनायची. व्हिडिओ कॉल केला की क्यामेरा बिघडलेला. भेटायचं ठरलं की कुणीतरी आजारी." त्याने मोबाईल खिशात घातला. "लगीन करणार व्हतो आमी. आईनं मंगळसूत्र करून ठिवलंय."

गच्चीवरचे ते फोटो एकाच माणसाने काढले होते. तिच्या भावाने, ऋषिराजने. तिने संदेशचा नंबर घेतला आणि घर गाठले.

ऋषिराज जेवत होता. तिने जाब विचारला, तर हसला. "असल्यांना कोण पोरगी देतंय? वरीसभर ग्वाड बोललो त्याच्याशी. फुकट घेतलं का?"

स्वरूपाला शिसारी आली. बहिणीचा चेहरा लावून हा परक्या पुरुषाला रोज 'जेवलात का?' विचारत होता आणि त्याच्या एकटेपणावर दरोडा घालून निवांत भाकरी मोडत होता.

"आई, तुला ठावं व्हतं?"

जयवंताबाईंनी लेकाच्या ताटात आमटी वाढली. "फोटोच हायत. तुझं काय झिजलं? बोभाटा केलास तर तुझंच लगीन व्हायचं न्हाय."

वडील जोतीराम यांनी नव्या टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी तिने संदेशला फोन करून 'पल्लवी' म्हणजे आपलाच भाऊ असल्याचं सांगितलं. तक्रारीचं नाव काढताच तो गयावया करू लागला. "नको ताई. गाव हसंल मला."

"तुमी लाजून गप बसता, त्यावरच त्याचं फावतंय. त्याच्या फोनमधी तुमच्यासारखे अजून किती असतील?"

पोलीस ठाण्यात संदेश खाली मान घालून बोलला. हवालदार गालात हसला.

"हसू नका साहेब, लिहा," स्वरूपा म्हणाली. "ऋषिराज, पणदऱ्याचा. माझा सख्खा भाऊ."

हवालदाराचे हसू मावळले. "बाई, घरी विचारलंय का?"

"घरी विचारूनच आले."